तव्यावरची भाकर आणि हवेतला तपकिरी कण

थंडीत पहाटे गुरांचा कोठा उघडला की नाकात आधी शिरतो तो अमोनिया. त्याच्या आडून येतात अमाइन, अमोनियाचेच कार्बन जोडलेले भाऊबंद. चाऱ्यातल्या कोलीन या पोषक घटकावर जंतूंनी काम केलं की ट्रायमिथाइल अमाइन सुटतो. सुक्या झिंग्यांच्या पिशवीला येतो, तोच त्याचा वास. हवेत अमाइन अमोनियाच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्श्याइतकेच, त्यामुळे हवामान-रसायनात बरीच वर्षं त्यांना कोणी फारसं मोजलं नाही.

खरं तर रसायन जुनंच होतं. रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झने पॅरिसमध्ये १८४९ साली मिथाइल अमाइन शोधला. १८६४ मध्ये ह्यूगो शिफने दाखवलं की अमाइन आणि अल्डिहाइड (टोकाला कार्बन-ऑक्सिजनची जोडी असलेलं संयुग) जुळले की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजनच्या दुहेरी बंधाचं इमीन तयार होतं. १९१२ मध्ये मायारने अमिनो आम्ल आणि साखर एकत्र तापवली, तिथेही सुरुवात अशाच जुळणीने, आणि मिश्रण तपकिरी झालं. ज्वारीच्या भाकरीवरचे तांबूस डाग याच घराण्यातले (काळे नव्हेत, ते निव्वळ जळणं). भाकरीचा वरचा पदर सुकल्याशिवाय तो रंग धरत नाही, हे रोज भाकरी थापणारीला सांगावं लागत नाही.

हवेतल्या कणांपर्यंत हा धागा पोचायला जवळपास शतक गेलं. १९९५ मध्ये शाडे आणि क्रुट्झेन यांनी जगभरच्या पशुपालनातून किती अमाइन हवेत जातात याचा अंदाज मांडला. २००९ च्या सुमारास डी हान यांच्या गटाने ग्लायऑक्झाल (एक छोटा अल्डिहाइड) आणि मिथाइल अमाइनची विक्रिया तपासली. हवेतला पाण्याचा थेंब सुकू लागला की अशा विक्रियांना वेग येतो, नायट्रोजन असलेले मोठे रेणू बनतात आणि कण तपकिरी होतो. भाकरीसारखंच, फक्त आच नाही! कणात सेंद्रिय आम्ल असेल तर मामला सोपा: अमाइन अमोनियापेक्षा तीव्र आम्लारी, सरळ क्षार होतो. २०१३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी संस्थेतल्या प्रयोगात तर सल्फ्युरिक आम्लासोबत डायमिथाइल अमाइनने, अगदी नगण्य प्रमाणात असूनही, नवे कण जन्मण्याचा वेग अमोनियाच्या तुलनेत हजार पटींहून जास्त वाढवला.

आपल्याकडे या तपकिरी कणांची सामग्री एकाच शिवारात मिळते. कोठा आणि उकिरडा आहेच. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्या पेटतात, त्या धुरात ग्लायऑक्झाल असतो. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या सालीतलं तेल बहुतांश लिमोनीन. ओझोनशी भिडून त्याचे कण होतात, आणि असे कण अमोनियाच्या सान्निध्यात तपकिरी पडतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

हा रंग पक्का मात्र नाही. प्रयोगात अशा कणांवर ऊन्हासारखा प्रकाश पडला की तो थोड्याच वेळात फिका पडू लागतो.