अळीचे वय आणि मृत्यूची वेळ

२९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमधील मॉफट गावाजवळच्या एका पुलावरून जाणाऱ्या महिलेला खाली ओढ्याकाठी मानवी हात दिसला. पोलिसांनी शोध घेतला, तेव्हा कपड्यांत आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेले मृतदेहांचे अनेक तुकडे सापडले. ज्याने ते केले त्याला शरीररचना ठाऊक होती आणि ओळख पटवणाऱ्या बऱ्याच खुणा त्याने काढून टाकल्या होत्या. मांसावरच्या अळ्या मात्र तपासणीसाठी ग्लासगो विद्यापीठातील डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे पोहोचल्या. त्या कॅलिफोरा व्हिसिना या निळ्या माशीच्या असून त्यांचे वय १२ ते १४ दिवसांचे असल्याचे त्यांनी सांगितले. हा हिशेब सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मागे जात होता, आणि लँकेस्टरमधील डॉ. बक रक्स्टन यांची पत्नी व मुलांची दाई नेमक्या त्याच सुमारास नाहीशा झाल्या होत्या. रक्स्टन मूळचा मुंबईचा पारशी, मुंबई विद्यापीठाचाच वैद्यकीय पदवीधर. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरमध्ये त्याला फाशी देण्यात आली.

त्याला अळ्यांनी फासावर चढवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गुंडाळण्यासाठी वापरलेल्या वर्तमानपत्राची खास स्थानिक आवृत्ती आणि कवटीच्या छायाचित्रावर हयातीतले छायाचित्र बसवून केलेली तुलना हे पुरावे अधिक वजनदार होते. अळ्यांनी तारखेला दुजोरा दिला, आणि माझ्या मते कीटकांच्या पुराव्याची योग्य जागा बहुधा हीच असते.

मृत्यूनंतर शरीराचे तापमान उतरणे आणि स्नायू ताठरणे यांवरून वेळेचा अंदाज बांधता येतो, पण दोन-तीन दिवस उलटले की या खुणा फारशा उपयोगी राहत नाहीत. तिथून पुढे माश्यांचे जीवनचक्र कामी येते. माशी डोळे, नाक, तोंड किंवा जखम अशा ओलसर जागी अंडी घालते; उबदार हवेत ती साधारण दिवसभरात फुटतात, अळी दोनदा कात टाकून तीन अवस्था पार करते आणि मग बहुतेक वेळा शरीर सोडून जवळपासच्या मातीत कोषात जाते. अळीच्या मागच्या टोकाला असलेल्या श्वसनरंध्रांत दोन चिरा दिसल्या तर ती दुसऱ्या अवस्थेत असते, तीन दिसल्या तर तिसऱ्या.

मात्र अवस्था कळली म्हणजे वय कळले असे नव्हे, कारण अळीच्या वाढीचा वेग तापमानावर ठरतो. समजा, एखाद्या जातीची वाढ १० अंश सेल्सिअसखाली थांबते आणि एक टप्पा गाठायला तिला २० अंशांवर १० दिवस लागतात. तर ३० अंशांवर, म्हणजे त्या १० अंशांच्या वर दुप्पट ऊब मिळत असल्याने, तोच टप्पा ती साधारण ५ दिवसांत गाठेल. म्हणून मृतदेहाजवळचे तापमान मोजून ते जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. त्यात आणखी गुंतागुंत अशी की, अळ्यांचा मोठा घोळका स्वतःच उष्णता निर्माण करतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा बराच गरम असू शकतो.

शिवाय या गणिताचे उत्तर मृत्यूची वेळ सांगत नाही, तर अंडी केव्हा घातली गेली ते सांगते. रात्री माश्या सहसा अंडी घालत नाहीत, जोराच्या पावसात उडत नाहीत, आणि घट्ट गुंडाळलेल्या किंवा बंद खोलीतल्या देहापर्यंत पोहोचायला त्यांना उशीर होतो. त्यामुळे जाणकार तज्ज्ञ ‘मृत्यू होऊन किमान इतके दिवस झाले’ एवढेच लिहितो.

पंचनाम्याच्या वेळी अळ्या कशा गोळा केल्या यावरही पुष्कळ अवलंबून असते. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवाव्या लागतात. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आकसते आणि लांबीवरून आहे त्यापेक्षा लहान वयाची ठरते. उरलेल्या अळ्या जिवंत वाढवून त्यांची माशी होऊ द्यावी, म्हणजे जात खात्रीने ओळखता येते.

जात ओळखणे भारतात विशेष महत्त्वाचे, कारण इथल्या मृतदेहांवर बऱ्याचदा क्रायसोमिया मेगासेफाला आणि क्रायसोमिया रुफिफेसीस या माश्या आढळतात, आणि थंड युरोपातल्या निळ्या माशीचे वाढीचे कोष्टक त्यांना लावता येत नाही. यांपैकी रुफिफेसीसच्या वाढलेल्या अळ्या मांसाबरोबर इतर माश्यांच्या अळ्याही खातात. तपासनीसाला देहावर फक्त त्याच सापडल्या, तर आधी आलेल्या माश्यांची पिढी त्यांनी संपवलेली असू शकते आणि हाती असलेल्या अळ्यांच्या वयावरून काढलेला काळ प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. अशा वेळी देहाखालची माती चाळून जुने कोष शोधावे लागतात.