छोटा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

आम्ही छोटे ट्रॅक्टर बनवतो. बहुतेक ग्राहक आधी एचपी, म्हणजे इंजिनची ताकद, विचारतात. आम्ही आधी बागेतल्या ओळींमधलं अंतर, फांद्यांची उंची आणि वळायची जागा विचारतो. रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. रोटाव्हेटर फिरतो पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या अवजार फिरवणाऱ्या शाफ्टच्या, ताकदीवर, आणि ती इंजिनच्या एचपीपेक्षा कमीच भरते. एकच आकडा ठळक छापलेला दिसला तर तो कशाचा, हे जरूर विचारा, आम्हालाही.

‘एवढा हलका ट्रॅक्टर नांगर ओढेल?’ ओढतो, ड्राफ्ट लिव्हर नीट वापरला तर. पूर्वी नांगर मागे नुसता ओढला जाई, म्हणून ट्रॅक्टर जड लागे. अभियंते हॅरी फर्ग्युसन यांचं थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची जोडणी, 1939 मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आलं आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊ लागला. ड्राफ्ट म्हणजे अवजाराची ओढ; ड्राफ्ट लिव्हरवर काम करताना जमीन कठीण लागली की हायड्रॉलिक नांगर आपोआप किंचित उचलतं. नांगराला ड्राफ्ट लिव्हर, रोटाव्हेटरला पोझिशन लिव्हर, जो अवजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवतो. ड्राफ्ट लिव्हर अनेक ट्रॅक्टरांवर हात न लागता पडून असतो, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

चाक किती घसरतं ते स्वतः मोजा. टायरवर खडूची खूण करा आणि वाफशावर त्याच शेतात चाकाचे 10 फेरे अवजार उचलून, 10 फेरे अवजार लावून चालवा. पहिल्यांदा 40 मीटर आणि दुसऱ्यांदा 35 मीटर गेला, तर घसरण साडेबारा टक्के. हे ठीक आहे. वीसच्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. वजन लावा किंवा नांगराची खोली कमी करा.

कारखाना आमच्या घरचा, मॉडेलं मोजकी. ॲक्सल आणि लिफ्टचे आर्म इथेच बनतात. बेअरिंग बाहेरून घेतो, पण मुद्दाम प्रमाणित मापांचीच. 6205 नंबरचं बेअरिंग म्हणजे आतून 25, बाहेरून 52 मिलिमीटर, कंपनी कुठलीही असो. ऐन हंगामात आमची वाट बघत बसू नका, नंबर दाखवून जवळच्या दुकानातून घ्या.

पीटीओ 540 आरपीएमवर म्हणजे सेकंदाला 9 फेरे फिरतो. कपड्याचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टचं गार्ड कधीही काढून ठेवू नका. अडकलेलं काही काढायचं असेल तर आधी इंजिन बंद करा.

पहिली सर्व्हिस 50 तासांनी. तेव्हा तेल चांगलं दिसलं तरी बदलाच. नव्या गिअरचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो.