एफसीएस आणि गेटिंग-एमएल: मोजलेलं एका फाइलीत, ठरवलेलं दुसरीत

"एफसीएस फाइल पाठवा, म्हणजे तुमचे गेट बघता येतील." फ्लो सायटोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये एकेक पेशी लेसरने मोजण्याचं तंत्र, वापरणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ही मागणी वारंवार होते. एफसीएस ही त्या मशीनने लिहिलेली फाइल, आणि गेट म्हणजे पेशींचा एखादा गट वेगळा काढण्यासाठी आलेखावर आखलेली सीमा. फाइल येते, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित उघडते, पडद्यावर हजारो ठिपके दिसतात, पण त्यांच्याभोवती एकही रेघ नसते. मग फाइल अर्धवट आली असावी अशी शंका येते. ती पूर्णच आलेली असते. गेट तिच्यात कधी नव्हतेच.

एफसीएस फाइलीत मशीनने जे पाहिलं ते असतं. पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात, प्रकाश विखुरतो, प्रतिपिंडांना जोडलेले रंग चमकतात आणि डिटेक्टर ते मोजतात. अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक इव्हेंट. इव्हेंटची एक ओळ आणि प्रत्येक डिटेक्टरचा एक स्तंभ, असा हा मोठा तक्ता असतो. तो कसा लिहायचा याचं प्रमाण (स्टँडर्ड) 1984 मध्ये पहिल्यांदा ठरलं. पुढे 2.0 (1990), 3.0 (1997), 3.1 (2010) आणि 3.2 (2021) या आवृत्त्या आल्या. सायटोमेट्रीची आंतरराष्ट्रीय संस्था आयझॅक हे प्रमाण सांभाळते.

फाइलीच्या सुरुवातीला 58 बाइटचं हेडर असतं. त्यात आवृत्तीचं नाव आणि पुढचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्याचे आकडे असतात. त्यानंतरच्या मजकुराच्या भागात किती पॅरामीटर (म्हणजे स्तंभ), किती इव्हेंट, कोणत्या स्तंभात कोणता रंग ही माहिती, आणि मग खरी मोजमापं. हेडरमध्ये प्रत्येक पत्त्याला आठच अंकांची जागा आहे, त्यामुळे 10 कोटी बाइटच्या पलीकडचा पत्ता तिथे मावत नाही. 3.0 आवृत्तीने यावर सोपा तोडगा काढला: हेडरमध्ये शून्य लिहायचं आणि खरा पत्ता मजकुराच्या भागात द्यायचा. स्वतः प्रोग्राम लिहून या फाइली वाचणारे इथेच हमखास अडकतात.

गोंधळ होतो त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे एफसीएसच्या प्रमाणात विश्लेषणासाठी एक वेगळा भाग खरोखरच राखून ठेवलेला आहे. पण तो ऐच्छिक आहे आणि बहुतेक फाइलींमध्ये रिकामाच असतो. दुसरं, आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की गेट दिसतात. ते मात्र त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वर्कस्पेसमधून, म्हणजे काम साठवलेल्या वेगळ्या फाइलीतून आलेले असतात, एफसीएसमधून नाही.

गेटिंग-एमएल ही त्या रेघांसाठी केलेली व्यवस्था. तीही आयझॅकचीच, सध्याची आवृत्ती 2.0. ही एक्सएमएल फाइल आहे, म्हणजे साध्या मजकुराची. तिच्यात एकही पेशी नसते. आयत, बहुभुज, लंबवर्तुळ, चतुर्थांश आणि 'आणि, किंवा, नाही' यांनी जोडलेले गेट तिच्यात लिहिता येतात. कोणता गेट कोणत्या गेटच्या आत आहे हेही नोंदवता येतं.

आकार लिहिला की काम झालं असं वाटतं, पण खरी अडचण तिथूनच सुरू होते. एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्येही सांडतो आणि तो वजा करण्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. वजाबाकीनंतर ज्या पेशींवर तो रंग नाहीच, त्यांची मोजमापं शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरतात. ऋण संख्येचा लॉग निघत नाही, म्हणून ऋण संख्याही दाखवणारी लॉजिकल (Logicle) किंवा हायपरलॉगसारखी मापपट्टी वापरावी लागते. आता बहुभुज त्या मापपट्टीवर काढला असेल, तर त्याच्या सरळ बाजू साध्या रेषीय मापपट्टीवर वाकतात. कोपरे तेच राहतात, पण कडेच्या पेशी आत-बाहेर होतात. म्हणून गेटिंग-एमएल गेटबरोबर मापपट्टी तिच्या सगळ्या आकड्यांसकट लिहिते आणि कॉम्पेन्सेशन कुठलं तेही सांगते: एफसीएसमध्ये दिलेलं, वेगळं दिलेलं, की केलेलंच नाही. आयताकृती गेटची खालची सीमा आत धरायची आणि वरची बाहेर, इतका बारीक नियमही त्यात आहे.

कडेच्या दहा पेशींनी काय बिघडतं? रक्ताच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर उरलेल्या पेशी शोधताना बरंच बिघडतं. 5,00,000 इव्हेंटमध्ये 50 पेशी सापडल्या तर प्रमाण 0.01 टक्के, आणि 40 सापडल्या तर 0.008. निर्णयाची रेषा 0.01 वर असेल, तर अहवाल एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो. एफसीएस दोन्ही वेळा अक्षरशः तीच असते. म्हणूनच फक्त एफसीएस जपून ठेवणं मला अपुरं वाटतं. काही वर्षांनी कुणी हा आकडा कसा आला असं विचारलं, तर उत्तर त्या फाइलीत मिळणार नाही.

उलट, नुसती गेटिंग-एमएल हाती असली तर ती कशाला लावायची हे कळत नाही. एकच गेटिंग-एमएल कितीतरी नमुन्यांना लावता येते, पण तिच्यातली पॅरामीटरची नावं एफसीएसमधल्या नावांशी तंतोतंत जुळायला हवीत. एका मशीनवर स्तंभाचं नाव बदललं की गेट लागत नाही. आणखी एक मर्यादा आहे. आपोआप गट पाडणाऱ्या पद्धतींचे गट अनेकदा भूमितीच्या आकारात बसत नाहीत. त्यांच्यासाठी आयझॅकचं तिसरं प्रमाण आहे, ज्यात प्रत्येक इव्हेंट कोणत्या गटात पडला हेच ओळीने लिहितात.

हाती आलेली फाइल कोणती हे ओळखणं सोपं आहे. मजकूर संपादकात उघडा. पहिली सहा अक्षरं एफसीएस आणि आवृत्तीचा आकडा अशी असतील, तर ती मोजमापं. कोनी कंसांतल्या एक्सएमएलने सुरुवात असेल आणि आत गेटची नावं दिसत असतील, तर ते निर्णय. कुणाचं विश्लेषण तपासायचं असेल तर दोन्ही मागवा. एफसीएस जवळपास प्रत्येक मशीन लिहितं, गेटिंग-एमएल मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर देत नाही. ती मिळत नसेल, तर प्रत्येक गेटच्या कोपऱ्यांचे आकडे, मापपट्टी आणि कॉम्पेन्सेशनचा तक्ता लेखी मागवा. आलेखाच्या चित्रावरून यातलं काहीच नेमकं काढता येत नाही.