गजकर्णावरील पोटात घ्यायची औषधे

गजकर्ण (नायटा) हा ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन या वंशांतील कवकांमुळे होणारा त्वचारोग आहे. चट्टे थोडे असतील तर मलम पुरते. चट्टे अंगभर पसरले असतील, डोक्याची त्वचा किंवा नखे बाधित असतील किंवा मलमाने गुण येत नसेल, तर पोटात औषध द्यावे लागते.

यांतले सर्वांत जुने औषध ग्रिझिओफुल्व्हिन. ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार्ट यांनी १९३९ मध्ये ते पेनिसिलियम ग्रिझिओफुल्व्हम या बुरशीतून वेगळे केले; पण जीवाणूंवर ते चालत नसल्याने मागे पडले. १९४६ मध्ये ब्रायन आणि सहकाऱ्यांना दुसऱ्या एका पेनिसिलियममध्ये कवकतंतू वेडेवाकडे वळवणारा पदार्थ आढळला. तो ग्रिझिओफुल्व्हिनच असल्याचे पुढे सिद्ध झाले, त्यामुळे शोधाचे श्रेय काही ठिकाणी ब्रायन यांना दिलेले दिसते. १९३९ हेच वर्ष धरणे अधिक योग्य. १९५८ मध्ये जेंटल्स यांनी गिनीपिगांना तोंडावाटे देऊन त्याचा उपयोग दाखवला. हे औषध कवकाचे पेशीविभाजन रोखते, कवक मारत नाही. म्हणून निरोगी केरॅटीन (त्वचा, केस व नखे यांतील कठीण प्रथिन) वाढून येईपर्यंत ते घ्यावे लागते. स्निग्ध आहाराबरोबर ते चांगले शोषले जाते.

टर्बिनाफीन स्क्वालीन एपॉक्सिडेज हे कवकातील विकर (एन्झाइम) अडवते. त्यामुळे कवकाच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल बनत नाही आणि साठलेले स्क्वालीन कवकाला मारते. प्रौढांत रोज २५० मिग्रॅ., अंगावरील गजकर्णासाठी साधारण २ ते ४ आठवडे. इट्राकोनॅझोल एर्गोस्टेरॉल बनण्याच्या याच साखळीतील पुढच्या टप्प्यावर काम करते. त्याच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्याव्या लागतात, आम्लपित्ताच्या गोळ्यांनी शोषण घटते. हृदय निकामी होत असलेल्यांना ते शक्यतो देत नाहीत आणि इतर अनेक औषधांशी त्याचा संयोग घातक ठरू शकतो. डोक्यातील गजकर्णात मात्र औषध कवकाच्या वंशानुसार निवडतात: ट्रायकोफायटॉनला टर्बिनाफीन, मायक्रोस्पोरमला ग्रिझिओफुल्व्हिन सरस मानतात.

जुन्या ग्रंथांतील टर्बिनाफीनची पसंती आता सरसकट टिकत नाही. भारतात २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत आठ आठवड्यांनी इट्राकोनॅझोलने सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण बरे झाले, टर्बिनाफीनने एक-तृतीयांशाहून कमी. ग्रिझिओफुल्व्हिन सर्वांत मागे राहिले. याचे एक कारण ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे कवक असावे. त्यात स्क्वालीन एपॉक्सिडेजच्या जनुकात बदल आढळतात, त्यामुळे हे विकर अडवणारे टर्बिनाफीन त्यावर नीट चालत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्याआधी ते ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीसचा आठवा जनुकप्रकार म्हणून नोंदले जाई. जनुकीय अंतर फार थोडे असल्याने काही वर्गीकरणतज्ज्ञांना हा दर्जा मान्य नाही. उपचाराच्या दृष्टीने वेगळे नाव सोयीचे आहे. स्टिरॉइडमिश्रित मलमांच्या वापराने चट्ट्यांचे रूप बदलते आणि निदान अवघड होते, ही भर वेगळीच.

फ्लुकोनॅझोल आठवड्यातून एकदाही देतात. यकृतास होणाऱ्या अपायामुळे केटोकोनॅझोलच्या गोळ्या गजकर्णासाठी आता वापरत नाहीत. शिबे हा निराळ्या कवकाचा रोग असून त्यावर पोटातून दिलेले टर्बिनाफीन किंवा ग्रिझिओफुल्व्हिन चालत नाही.