ब्रिटनमधला प्रवासखर्च: पहिले २४ महिने सरसकट सूट नाही

ब्रिटनमध्ये स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: 'क्लायंटच्या ऑफिसला जाण्याचा खर्च पहिले २४ महिने करातून वजा होतोच.' तसं नाही.

नियम अपेक्षा बघतो. एकाच ठिकाणी ४० टक्के किंवा जास्त कामाचा वेळ जाणार आणि काम २४ महिन्यांपुढे चालणार, हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून वजावट थांबते. समजा, १८ महिन्यांचं काम १० महिने झाल्यावर ३० महिन्यांचं झालं. तिथून पुढची रेल्वे तिकिटं धरता येत नाहीत. करारच ३० महिन्यांचा असेल तर पहिल्या दिवसापासून नाही. शेजारच्या इमारतीत बसायला लागलात, तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही.

तपासायचं असेल तर मुदतवाढीचा ईमेल उघडा आणि त्यावरची तारीख बघा.