ब्लेंड वाढवून सावली मऊ होत नाही

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्पॉटलाइट लावून भिंतीवर प्रकाशाचं वर्तुळ पाडणं तुम्हाला येतंच. स्पॉट साइज म्हणजे शंकूचा पूर्ण कोन, सुरुवातीला ४५ अंश. पॉवर वॅटमध्ये. कोन लहान केला म्हणून मधला उजेड वाढत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

गफलत होते ती स्पॉटलाइटच्या ब्लेंड आणि रेडियस या दोन सेटिंगमध्ये. 'खुर्चीची सावली फार धारदार पडतेय, काय करू?' असं विचारलं की हमखास सल्ला मिळतो, 'ब्लेंड वाढव.' शिकवणारेसुद्धा हेच सांगतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण नवखा माणूस तासभर स्लायडर ओढत बसतो. ब्लेंड ० ठेवा की १, खुर्चीच्या सावलीची कड तसूभरही मऊ होत नाही. मऊ होते ती प्रकाशाच्या वर्तुळाची कड. ब्लेंड ० असताना वर्तुळ कात्रीने कापल्यासारखं दिसतं, १ असताना उजेड मध्यापासूनच विरत जातो. सुरुवातीचं ०.१५ मला बहुतेक दृश्यांत कमीच वाटतं.

सावलीची कड रेडियस ठरवतो. रेडियस म्हणजे दिवा स्वतः केवढा आहे ते. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीवर मारा आणि मध्ये हात धरा. उजेड कडेला हळूहळू विरतो, पण बोटांची सावली मात्र रेखीव. ब्लेंड भरपूर, रेडियस जवळपास शून्य. मग टॉर्च बंद करून ट्यूबलाइट लावा, हात तिथेच ठेवा: सावली धूसर. दिवा मोठा झाला, एवढंच.

हिशोबही सोपा आहे. रेडियस १० सेंटीमीटर, म्हणजे दिव्याचा व्यास २०. दिव्यापासून खुर्ची २ मीटरवर, खुर्चीपासून भिंत १ मीटरवर. सावलीच्या कडेचा धूसर पट्टा साधारण १० सेंटीमीटरचा पडेल. भिंत जवळ आणली की तो अरुंद होतो, म्हणून खुर्चीचे पाय जमिनीला टेकतात तिथे सावली नेहमी रेखीवच असते. दिवा मोठा केल्यावर सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या चित्र तयार करणाऱ्या इंजिनात, चित्रावर दाणे दिसू लागतील. सँपल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी घेतलेले प्रकाशाचे नमुने, वाढवा, रेडियस कमी करू नका.

या धूसर पट्ट्याला आपल्याकडे उपच्छाया म्हणतात. पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण वाचता, तेव्हा चंद्र पृथ्वीच्या याच फिकट सावलीतून जात असतो. सूर्य बिंदू नसून मोठं बिंब आहे, म्हणून ती पडते. आणि गोंधळाचं मूळही याच शब्दात आहे. उपच्छायेचा इंग्रजी शब्द पेनम्ब्रा. माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरात 'पेनम्ब्रा अँगल' आणि वेबवर थ्रीडी दाखवणाऱ्या थ्री जेएसमध्ये 'पेनम्ब्रा' हे नाव दिलंय वर्तुळाच्या कडेला, म्हणजे ब्लेंडच्या कामाला! नाव सावलीचं, काम उजेडाच्या कडेचं. तिथून ब्लेंडरमध्ये आलेला माणूस चुकणारच. अनरियल या गेम इंजिनची नावं मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतात: आतल्या शंकूचा कोन, बाहेरच्या शंकूचा कोन आणि वेगळा 'सोर्स रेडियस'. तिथले कोन मात्र अर्धे असतात. ब्लेंडरचे ४५ अंश तिथे २२.५ लिहायचे.

मी आधी ब्लेंड ० करून रेडियस ठरवते, खऱ्या दिव्याच्या मापाने. सावली मनासारखी झाली की मगच ब्लेंडला हात लावते.