फडक्याला लागलेला रंग

सुतार-फर्निचरवाल्यांच्या तोंडी आजही 'ड्युको' हा शब्द असतो. तो मुळात गाड्यांचा. गाडी चमकवायला केमिकल पॉलिश (सॉल्व्हंटने मळ काढणारं) करायचं की कंपाऊंडने (बारीक कणांच्या घासणाऱ्या पेस्टने) रबिंग, या वादाची मुळंही त्या ड्युकोपर्यंत जातात.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच ब्रशने रंगवत. व्हार्निशचे थर वाळेपर्यंत आठवडे जात. मग अमेरिकेतल्या ड्युपॉन्टचं 'ड्युको' हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. जनरल मोटर्सने ते 1924 च्या ओकलंड गाड्यांवर फवारलं आणि रंगकामाचा वेळ एकदम घटला. मात्र वाळल्यावर ते मंद दिसे. चमक हवी तर घासणं आलंच. म्हणजे कंपाऊंड हा तेव्हा दुरुस्तीचा उपाय नव्हता, रंगकामाचाच शेवटचा हात होता.

उन्हात हा रंग मरायचा. बॉनेटवरून बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागायची. पॉलिश केलेलं फडकं गाडीच्याच रंगाचं व्हायचं, आणि काचेच्या रबरात पांढरी पावडर अडकून बसायची ती वेगळीच. त्या भुकटीला सॉल्व्हंटवालं सौम्य क्लीनर पॉलिशही पुरायचं. फारच मेलेल्या रंगाला कंपाऊंड. आपल्या गॅरेजवाल्यांचा हात जुन्या अँबॅसिडर-पद्मिनींच्या अशाच एकथरी रंगावर बसला.

1980 च्या दशकात परदेशी गाड्यांवर क्लिअरकोट रुळला, पुढे आपल्याकडेही आला. आता फडकं रंगत नाही, कारण आपण रंगाला हात लावतच नाही, वरच्या पारदर्शक थराला लावतो. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. तो रासायनिकदृष्ट्या घट्ट विणलेला असल्याने केमिकल पॉलिशने फक्त वर बसलेलं डांबर, जुनं वॅक्स, मळ निघतो. ओरखडा मात्र तेला-मेणाखाली फक्त लपतो आणि चार धुण्यांत परत दिसतो. तो खरंच घालवायचा तर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या बारीक कणांनी आजूबाजूचा थरच खाली आणावा लागतो, आणि तो परत मिळत नाही. जुन्या सवयीने जाड कंपाऊंड आणि मशीन चालवलं की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात ते त्या कणांमुळेच. (बाटलीवरच्या नावावर जाऊ नये, बऱ्याच 'क्लीनर वॅक्स'मध्येही थोडी घासणारी पावडर असते.)

बोअरच्या पाण्याचे डाग हे मात्र केमिकलचंच काम. ताजा क्षार सौम्य आम्लाने विरघळतो, घासायची गरज नाही. तोच डाग उन्हात भाजून थरात उतरला, तर मग पुन्हा कंपाऊंडच.